रोकफोर घरी ठेवताना: आठ महिन्यांचा अनुभव

बुरशी दिसली की पदार्थ टाकायचा, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. त्यामुळे फ्रान्समध्ये तुलूझला आल्यावर बाजारातून रोकफोर या निळ्या बुरशीच्या फ्रेंच चीजचा पहिला तुकडा आणला तेव्हा प्रश्न पडला, की ज्यात बुरशी मुद्दाम घातलेली असते, ते बिघडलं हे कळायचं कसं?

सुरुवातीला चुका झाल्या. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळलं, तर आठवड्यात पाणी सुटून कडा बुळबुळीत झाल्या. उघडं ठेवलं तर ते सुकून पिवळट पडलं आणि शेजारच्या लोण्याला वास लागला. हे चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचं. आत हवा जावी म्हणून ते सुयांनी टोचतात, कारण ही बुरशी हवेवरच वाढते. त्याला थोडी हवाही लागते आणि ओलही टिकावी लागते.

आता ज्या फॉइलमध्ये येतं त्यातच सैलसर गुंडाळून, झाकणाच्या काचेच्या डब्यात, भाजीच्या खणात ठेवते. फ्रिज ४ अंशांवर. झाकणावर उघडल्याची तारीख. कापायला दर वेळी स्वच्छ, कोरडी सुरी. असा तुकडा माझ्याकडे तीन आठवडे उत्तम राहतो.

आणल्या दिवशी तुकडा नीट बघून ठेवा, हे मी सगळ्यांना सांगते. पांढरट गर, निळ्या-हिरव्या शिरा, थोडा ओलावा हे त्याचं मूळ रूप. मार्चमध्ये फॉइल उलगडलं तर कोपऱ्यात नखाएवढा गुलाबी डाग, हात लावला तर बोटाला तार आली. तेवढंच खरवडून बाकीचं खावं असं फार वाटलं, महागाचं असतं ना! पण इतक्या मऊ, ओलसर चीजमध्ये बिघाड डागापुरता राहत नाही. सगळं टाकलं. नारिंगी डाग किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तरी हेच करते.

वासाने मात्र फसायला होतं. डबा उघडताच अमोनियासारखा थोडा भपकारा येतो. अर्धा तास उघडं ठेवल्यावर तो गेला तर काळजी नाही. नाही गेला तर टाकून द्या.

लिस्टेरिया हा कच्च्या दुधाच्या चीजमध्ये असू शकणारा, पोटातल्या बाळाला घातक जिवाणू मात्र दिसतही नाही आणि त्याचा वासही येत नाही. वहिनी पाच महिन्यांची गरोदर असताना आली होती, तिने कितीही आग्रह केला तरी मी तिला ते दिलं नाही.

उरलेलं फ्रीझरमध्ये ठेवून पाहिलं. भुसभुशीत होतं, पावावर मजा येत नाही, पण अक्रोड घालून पास्त्याच्या सॉसमध्ये छान विरघळतं.