लहान मुलाचा एमआरआय: जिल्ह्यात करावा की मुंबईला न्यावे?

मुलाला आकडी येते, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी झाली, औषध सुरू झाले आणि डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला, की आमच्या सिंधुदुर्गात आईबापांना पहिला प्रश्न पडतो तो यंत्राचा नव्हे, गावाचा. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात उरकावे की मुंबई गाठावी? सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मंडळींना गोव्यातले बांबोळीचे मोठे रुग्णालय जवळ पडते. आम्ही देवगड तालुक्यातले, त्यामुळे आमच्यापुढे हे दोनच मार्ग होते. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी आम्ही ते दोन्ही, दोन महिन्यांच्या अंतराने, चालून पाहिले.

ज्यांच्याकडे तातडी आहे त्यांनी मात्र ही तुलना वाचत बसू नये. आकडी थांबतच नसेल, डोक्याला मार लागला असेल, मूल शुद्धीवर येत नसेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तर जवळात जवळच्या रुग्णालयात जावे. तिथे सोय असेल तर सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो आणि रक्तस्राव दाखवण्यापुरता तो उत्तम आहे. उलट साध्या तापातल्या आकडीला किंवा ईईजीवर स्पष्ट ओळखू येणाऱ्या, क्षणभर टक लावून बसण्याच्या प्रकाराला डॉक्टर बहुधा स्कॅन सांगतच नाहीत. आमच्या मुलीची आकडी झोपेत, उजव्या हाताच्या बोटांपासून सुरू होई आणि मग तोंड एका बाजूला ओढले जाई. अशी एका जागेपासून सुरू होणारी आकडी असली, की त्या जागी मेंदूत काही आहे का हे पाहावे लागते.

जिल्ह्यातल्या केंद्राच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तारीख चार दिवसांत मिळाली, खर्च बेताचा होता, संध्याकाळपर्यंत घरी परतता येणार होते आणि एप्रिलच्या ऐन हंगामात बाग गड्यांवर टाकून आठवडाभर मुंबईत राहण्याची वेळ येणार नव्हती. आई रवळनाथाला गाऱ्हाणे घालून मोकळी झाली होती आणि मलाही हे लवकर निपटले तर हवेच होते.

घोडे अडले ते झोपेपाशी. एमआरआयमध्ये अर्धा-पाऊण तास तसूभरही हलून चालत नाही, आणि त्या ठोकाठोकीच्या आवाजात साडेचार वर्षांचे मूल जागेपणी तसे पडून राहील ही आशाच नको. केंद्रावरून फोनवर सांगितले होते, की रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे उठवा, उपाशी आणा, इथे झोपेचे सिरप देऊ. त्याप्रमाणे रात्री बारापर्यंत तिला जागवले आणि चारला उठवले. गाडीत तिची आई टाळ्या वाजवत, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याचे रंग विचारत तिला जागी ठेवत होती, पण नांदगाव तिठ्याच्या अलीकडे पोर मांडीवर कलंडली ती केंद्राच्या दारातच उठली, अगदी ताजीतवानी. सिरप दिल्यावर झोप येण्याऐवजी ती झिंगल्यासारखी चालू लागली, भिंतीला धरून हसू लागली आणि मग 'माका पेज व्हयी' म्हणून जो सूर लावला तो थांबेना. तासाभराने आणखी थोडे सिरप दिले. एकदाचा डोळा लागला, आत नेले, यंत्र ठोकू लागले आणि ती उठून बसली. असे दोनदा झाले. अहवालात लिहून आले, की हालचालीमुळे चित्रे अस्पष्ट आहेत, तरी ठळक दोष दिसत नाही. परतीच्या वाटेवर मात्र ती गाढ झोपली. सिरप घेतलेल्या मुलावर पूर्ण जाग येईपर्यंत केंद्रातच लक्ष ठेवायचे असते, हे आम्हाला नंतर कळले. उपाशी म्हणजे सकाळचे आकडीचे औषधही बंद, असा अर्थ आम्ही लावला होता. तोही चुकीचा होता, फक्त त्या दिवशी निभावले.

मुंबईला गेलो तेव्हा याच्या नेमके उलट घडले. कणकवलीला संध्याकाळी तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सकाळी दादरला उतरलो. मुलगी रात्रभर बर्थवर झोपली आणि तिने झोपू नये असे कोणी सांगितलेही नव्हते. तिथे झोप मुलाने घरून आणायची नसते, ती भूलतज्ज्ञ शिरेतून देतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावून शेवटपर्यंत सोबत थांबतात आणि मूल नीट जागे झाल्यावरच घरी सोडतात. उपाशी ठेवण्याचे नियमही नेमके होते: दूध आणि खाणे सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, औषधाचा डोस मात्र घोटभर पाण्याबरोबर वेळेवर द्यायचा. शेवटी काय पोटात गेले आणि किती वाजता, हे परिचारिकेने तीनदा विचारले. पेजेची निवळ म्हणजे पाणीच, असे आमच्याकडच्या आज्यांना वाटते. भूलतज्ज्ञांना तसे वाटत नाही.

अडचणी तिथेही होत्याच. तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, तीही मुलीला सर्दी झाल्याने एकदा पुढे गेली, कारण सर्दी-खोकल्यात भूल देण्याचे टाळतात. नातेवाइकांकडे चार रात्री काढल्या, आंब्याचे एक गिऱ्हाईक हातचे गेले. भुलेतून बाहेर येताना ती इतकी रडली, की जिल्ह्यातली फजितीही त्यापुढे सौम्य वाटावी.

'मुंबईत 3 टेस्लाचे मशीन आहे' म्हणून लोक धाव घेतात, त्याविषयी माझे मत जरा निराळे आहे. चुंबकाची ताकद जास्त असेल तर चांगलेच, पण माझ्या समजुतीप्रमाणे त्याहून महत्त्वाची आहे ती कापांची जाडी, कारण एमआरआय मेंदूची चित्रे एकेका कापाने घेतो. सुरमईच्या जाड तुकड्या पाडल्या तर आत अडकलेला गळ दिसेलच असे नाही. मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये काप साधारण 5 मिलिमीटरचे, मध्ये थोडी फट सोडून घेतात. मुलांमध्ये आकडीला कारण होणारा मेंदूच्या सालीतला, म्हणजे बाहेरच्या थरातला, जन्मजात दोष, ज्याला डॉक्टर कॉर्टिकल डिस्प्लेझिया म्हणतात, कधीकधी एखाद्या घडीच्या तळाशी एवढासा असतो. यासाठी इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी (एपिलेप्सी म्हणजे आकडीचा आजार) या संस्थेच्या तज्ज्ञांनी 2019 साली 'हार्नेस' नावाची पद्धत सुचवली. तिच्यात 1 मिलिमीटरचे, फट न सोडता घेतलेले टी1 आणि फ्लेअर या प्रकारांच्या चित्रांचे दोन त्रिमितीय संच असतात आणि तिसरा, टी2 प्रकारचा संच हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या लांबट भागाला काटकोनात घेतात. 1.5 टेस्लाच्या यंत्रावरही ती करता येते. म्हणजे जिल्ह्यातले यंत्र नालायक होते असे नव्हे. त्याला कोणी तसे काम सांगितले नव्हते आणि मूलही स्थिर नव्हते.

मुंबईच्या चित्रांत डाव्या कपाळामागच्या एका घडीत करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ पुसट दिसली. पहिल्या चित्रांत ती निसटली असे मी म्हणत नाही, कारण पहिली चित्रे नीट आलीच नव्हती. एका मुलीवरून सगळ्यांना नियम लावणेही बरे नाही. बारा-तेरा वर्षांचे, सांगितले तर पडून राहणारे मूल असेल, तर झोपेचा प्रश्नच उरत नाही आणि मीही आधी जिल्ह्यातच विचारीन. अगदी तान्ह्या बाळांमध्ये मेंदूतले मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण, पुरे तयार झालेले नसते, त्यामुळे मूल दोन वर्षांचे झाल्यावर स्कॅन पुन्हा करावा लागू शकतो. तिथे कुठे करायचा यापेक्षा केव्हा करायचा हे डॉक्टरांना विचारावे.

लहान मुलासाठी मात्र मी आता आधी फोन करीन. त्या दिवशी भूलतज्ज्ञ हजर असतात का, एपिलेप्सी प्रोटोकॉलने, म्हणजे वर सांगितलेल्या हार्नेससारख्या पद्धतीने, पातळ काप घेता का आणि फिल्मबरोबर सीडी देता का, एवढेच विचारीन. सीडीचे यासाठी, की मुंबईच्या डॉक्टरांनी आमची पहिली फिल्म खिडकीपाशी उजेडात धरली आणि पहिला शब्द काढला तो 'सीडी?' असाच. तिन्हींना सरळ 'हो' आले तर तुतारीचे तिकीट काढण्याचे कारण नाही. 'तुम्ही घेऊन तर या, मग बघू' असे आले, तर मी हंगाम असला तरी काढीन.