सोलापुरात शेक घेणाऱ्यांचं समाधान: मशीनला पूर्ण गुण, बाकड्यावर नापास

कर्करोगावरच्या रेडिओथेरपीच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शेका’च्या, शेवटच्या दिवशी रुग्णाला ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘सगळं चांगलं होतं, डॉक्टर देवमाणूस आहेत.’ या उत्तरावर फार विसंबू नये. फाइल अजून काउंटरवर असते, पुढच्या तपासण्या त्याच दारात करायच्या असतात. अशा वेळी कोण तक्रार करणार? शिवाय शेकाचा त्रास शेवटच्या शेकानंतरही आठ-दहा दिवस वाढत जातो. तोवर रुग्ण अक्कलकोटला नाहीतर मंगळवेढ्याला घरी पोचलेला असतो आणि समाधानाचा फॉर्म कपाटात गेलेला असतो.

सोलापूर शहरात आणि बार्शीत शेक घेणाऱ्या रुग्णांसोबत महिनोन्‌महिने बसून, त्यांचे फॉर्म भरून देऊन जे दिसलं ते इथे मांडलं आहे. कुठल्याही एका रुग्णालयाचं हे परीक्षण नाही. हा भाग या आजाराला नवखा नाही. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. उपचारांची सोय जिल्ह्यात आहे आणि मुंबई गाठावी लागत नाही, ही समाधानाची पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या मात्र एकसारख्या नाहीत. म्हणूनच ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग-संशोधन संस्थेची बाह्यरुग्णांसाठीची प्रश्नावली डॉक्टर, मशीनवरचे तंत्रज्ञ आणि एकूण व्यवस्था यांबद्दल वेगवेगळं विचारते. आपल्याकडे ‘सेवा कशी वाटली’ असा एकच प्रश्न टाकतात, त्यात तिन्हींची खिचडी होते.

तंत्रज्ञांना रुग्ण भरभरून गुण देतात आणि ते योग्यच आहे. रोज भेटणारा माणूस तोच. डॉक्टर आठवड्यातून एकदा तपासतात, डोसाचं गणित करणारा फिजिसिस्ट तर बहुतेकांना कधी दिसतच नाही. प्रत्यक्ष किरणं काही मिनिटांचीच असतात, टेबलावर नीट झोपवून अंगावरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळवण्यातच जास्त वेळ जातो. पहिल्या दिवशी मशीनवरच स्कॅन घेऊन जागा तपासतात, तेव्हा दुप्पट वेळ लागला तरी घाबरायचं कारण नाही. खोलीत रुग्ण एकटा असला तरी कॅमेरा आणि माइक चालू असतो. काही वाटलं तर हलायचं नाही, फक्त हात वर करायचा. एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं की निम्मी भीती जाते. किरणांची जाणीव होत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणं उरत नाहीत, त्यामुळे घरी नातवंडांना खुशाल जवळ घ्यावं. जुन्या कोबाल्ट मशीनवर ‘मला जास्त वेळ ठेवलं, डोस वाढवला का?’ ही शंका हमखास येते. त्यातला किरणांचा स्रोत, कोबाल्ट-60, याची शक्ती साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून तेवढाच डोस द्यायला स्रोत जुना होईल तसा वेळ वाढतो.

पहिली नाराजी त्याआधीच, प्लॅनिंगच्या दिवसांत सुरू होते. सिटी स्कॅन झाला, मास्क झाला, आणि मग ‘फोन करू’. रुग्णाला वाटतं फाइल कुठेतरी पडून आहे. खरं तर डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक कापावर गाठ आणि वाचवायचे अवयव आखत असतात, फिजिसिस्ट किरणांचे कोन आणि डोस ठरवतो, मग तपासणी होते. याला काही दिवस जातातच. हे काम दाखवणारा साधा तक्ता भिंतीवर असला तरी नातेवाईक चकरा मारणार नाहीत.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगासाठी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बनवतात. प्लास्टिकची जाळी साधारण 65 ते 70 अंशांच्या पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ताणतात आणि ती काही मिनिटांत घट्ट होते. इथे तीन गोष्टी नेहमी बिनसतात. दाढी-मिश्या ठेवून मास्क केला आणि मग काढल्या की तो सैल बसतो. त्या आधीच काढाव्यात. बायकांचा अंबाडा डोक्याखाली आला की मानेचा कोन बदलतो, म्हणून केस मोकळे आणि रोज तसेच ठेवायचे. नथ, कानातलं, मंगळसूत्र स्कॅनच्या आधी उतरवायचं, धातूमुळे चित्रावर रेघा येतात. मंगळसूत्र काढायला अनेकींचा जीव होत नाही. सिस्टरने ते आधल्या दिवशी सांगितलं तर घरी ठेवून येता येतं, टेबलाजवळ ऐनवेळी सांगितलं की डोळ्यांत पाणी येतं. दातांचं कामही मास्कच्या आधीचं. किडलेले दात काढायचे असतील तर शेकाआधी, जखम भरायला साधारण दोन आठवडे सोडून. नंतर त्या जबड्यातला दात कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, हाड सडण्याचा धोका असतो.

आता बाकड्याबद्दल. सगळ्यात जास्त असमाधान इथेच तयार होतं. वाट पाहणं कोणालाच नको असतं, पण गर्भाशयमुख, मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या रुग्णांना उशिराचा फटका शरीरावर बसतो. त्यांना आधी लघवी करून अर्धा लिटरपर्यंत पाणी पिऊन 30 ते 45 मिनिटं थांबायला सांगतात. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांतून वाचतात. नंबर तासभर लांबला की साठीच्या बाईला लघवी धरवत नाही. ती जाऊन येते आणि रिकाम्या मूत्राशयानं तशीच टेबलावर जाते. दोन-तीन आठवड्यांनी जुलाब वाढतात आणि दोष ‘कडक किरणांना’ लागतो. कोणी पाणी पिणंच कमी करतं, मग उन्हाळ्यात लघवीची जळजळ सुरू होते. उपाय बिनखर्ची आहे: घड्याळ पाहून नव्हे, आपल्या आधी तीन-चार जण उरले की पाणी प्यायचं, आणि तेवढं तंत्रज्ञानं बाहेर येऊन सांगायचं. जिथे हे होतं तिथे तक्रारी उघड कमी आहेत. लघवी सुटली तर लपवू नये, स्पष्ट सांगून पुन्हा पाणी प्यावं आणि नंबर मागे घ्यावा.

मशीन बंद पडणं ही दुसरी मोठी तक्रार. मोहोळहून आलेल्या माणसाला दारात ‘आज बंद’ कळलं की त्याची रोजंदारी आणि तिकीट दोन्ही गेलं. सकाळच्या तपासणीत आकडे मर्यादेत नसतील तर मशीन सुरू करत नाहीत, ते रुग्णाच्या भल्याचंच आहे. पण सकाळी फोनवर एक निरोप पाठवणं अवघड नाही. बुडालेला शेक सोडून द्यायचा नसतो. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार लांबले की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटते, लांबलेल्या दर दिवसाला सुमारे एक टक्का असं सर्वसाधारण मानतात. भरपाई शनिवारी किंवा एकाच दिवशी दोनदा देतात, दोन्हींत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. गड्ड्याची यात्रा, लग्न, पेरणी म्हणून रुग्णानं स्वतः सुट्टी घेणं तर अजिबात परवडत नाही.

‘शेजारच्या बाईला पंधराच शेक, मला पस्तीस का?’ हा प्रश्न बाकड्यावर रोज निघतो. स्तनाला बऱ्याचदा 15 शेकांत 40 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) पुरतात. तोंड-घशाला 33 ते 35 शेकांत 66 ते 70 ग्रे लागतात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून जवळपास सात आठवडे. हाडातल्या दुखण्यासाठी 8 ग्रेचा एकच शेकही देतात. कमी शेक म्हणजे कमी पैशांतला उपचार असं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तोंड-घशाच्या रुग्णांचा सूर बदलतो. तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ चिकट होते. सोलापूरकराला कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच, पण दोन्ही बंद. ज्वारीची आंबील (मिरची-लसूण वगळून), दूध-केळं, मऊ वरणभात, अंडं मोडून घातलेली पातळ खिचडी चालते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, या पाण्याने जागेपणी दर दोन तासांनी चूळ. पाणी रोज ताजं करायचं. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. गिळताना दुखतं म्हणून जेवण सोडण्यापेक्षा दुखण्याचं औषध जेवणाआधी अर्धा तास घ्यावं. तोंडात पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करायचं. झपाट्याने उतरलं तर मास्क सैल होतो, प्लॅनही पुन्हा करावा लागतो. नाकातून अन्नाची नळी म्हणजे ‘शेवट आला’ असा समज फार पक्का आहे, म्हणून लोक ती नाकारतात आणि मग अशक्तपणाने शेक मध्येच थांबतात. नळीबद्दल पहिल्याच आठवड्यात बोललेल्या रुग्णांनी ती निमूट घातलेली दिसते. आणि मावा, मिश्री, विडी चालू ठेवून यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

त्वचेबाबत सोलापूरचा उन्हाळा वैरी आहे. घामाने मार्करच्या खुणा जातात. गेल्या तर घरी पेनाने ओढू नयेत, अंदाजाची रेघ चुकीच्या जागी नेते. साधं पाणी ओतावं, घासू नये, मऊ सुती कापडाने टिपावं. हळद, बाम, पावडर, शेकायची पिशवी काहीही नको.

बायकांच्या तक्रारी फॉर्मवर येतच नाहीत, कारण विचारणारा बहुधा पुरुष असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरच्या 25 शेकांनंतर ‘आतला शेक’ (किरणांचा स्रोत शरीराच्या आत ठेवून दिलेला) असतो, बहुधा भूल किंवा गुंगी देऊन, दोन ते चार वेळा. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. त्यासाठी उपाशीपोटी यायचं असतं, आणि निरोप न मिळाल्याने चहा-बिस्किट खाऊन आलेली बाई परत पाठवली जाते. उपचारानंतर योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (मार्ग रुंद ठेवणारी गुळगुळीत नळी) वापरायचा असतो. हे सिस्टरने पडद्याआड, निवांत सांगायचं काम आहे. घाईच्या ओपीडीत ते राहूनच जातं. विडी कामगार वस्तीतल्या तेलुगू आणि सीमेपलीकडून येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या बायकांना तर मराठी सूचनापत्रकाचा उपयोगच नाही.

पैशांच्या बाबतीत समाधान बरं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) जायचं, मंजुरी आल्यावरच तारीख. अडलं तर योजनेची हेल्पलाइन 155388. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, सोबत्याला 75 टक्के सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. खोली भाड्याने घेताना नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते आधी विचारा. जुलाब असलेल्या रुग्णाला भाड्याच्या रकमेपेक्षा ते महत्त्वाचं.

फॉर्म घ्यायचाच असेल तर तीनदा घ्यावा: पहिल्या आठवड्यात, शेवटी, आणि शेवटच्या शेकानंतर दोन आठवड्यांनी फोनवर, तोही विभागाबाहेरच्या माणसाने. त्या तिसऱ्या फोनमध्ये कळतं की मलम संपलंय, तोंड बोटभरच उघडतंय आणि तोंड उघडण्यासाठीचा आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम कोणी शिकवलाच नव्हता.

घरी जाण्याआधी उपचाराचा सारांश मागून घ्या. कुठल्या भागाला, किती ग्रे, किती शेकांत, कोणत्या तारखांना, हे त्यात लिहिलेलं असतं. पुढे त्याच जागी पुन्हा किरणं द्यायची वेळ आली तर नवा डॉक्टर सगळ्यात आधी हाच कागद मागतो. मानेला शेक झाला असेल तर थायरॉइडची तपासणी सहा महिन्यांनी करायची, ती तारीख त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या.