नौपाड्यातलं कोळ्याचं वर्कशॉप: आयडिया झकास, बॅच मात्र नीट पाडा

नौपाड्यात एका छोट्या स्टुडिओत झालं, आई आणि मूल मिळून कोळी बनवायचा, अडीच तास, मटेरियलसकट 900 रुपये. लेक 8 वर्षांची, आणि आमच्याकडे भिंतीवर कोळी दिसला की झाडू शोधायची पळापळ, त्यामुळे जरा धाकधूकच होती.

आधी शिकवणाऱ्या ताईंनी टॅबवर लुईज बुर्ज्वा या शिल्पकार बाईंचं 'मामाँ' (फ्रेंचमध्ये 'आई') हा भलामोठा कोळी दाखवला. 1999 चं शिल्प, 9 मीटरच्या वर उंच, म्हणजे तीन मजली बिल्डिंग धरा, लोक त्याच्या पायांमधून फिरतात आणि वर पोटाखाली जाळीत संगमरवरी अंडी. या बाईंची आई जुने विणलेले टॅपेस्ट्रीचे पडदे दुरुस्त करायची, आणि कोळीही विणणाराच, म्हणून तिच्या आठवणीत कोळी. त्यावर एक मुलगा म्हणे, 'माझी आई टेलरकडे देते', सगळ्या आया खो खो.

खरी मजा तारेच्या पायांत. बहुतेक मुलांनी पाय पोटालाच चिकटवले, तेव्हा ताईंनी सांगितलं की आठही पाय पुढच्या भागाला असतात, पोट मागे मोकळं. तार सरळ ठेवली की कोळी फतकल मारून बसतो, गुडघा वर काढून टोक बाहेर वळवलं की मस्त उभा राहतो. अंडी म्हणजे नायलॉनच्या जुन्या मोज्यात पांढऱ्या गोट्या. आमची पिशवी इतकी जड झाली की पुढचे पाय वर उचलले गेले, पण लेक एक गोटी काढू देईना, 'पिल्लं कमी कशी करणार', मग मागचे पाय लांब केले.

आता तक्रार. 5 ते 12 सगळे एकाच बॅचला, छोट्यांना तार वाकतच नाही, मग आयाच करत बसतात, एकीने तर आख्खा कोळी स्वतःच बनवला आणि पोरगं कोपऱ्यात वेफर्स खातंय. ग्लू गन दोनच, त्याला लाईन. आणि 'फक्त आई' हा काय नियम? एका मुलीबरोबर आजोबा आलेले, त्यांना बाहेर बाकावर बसवलं! आम्ही दोघी-तिघी बोललो तेव्हा आत घेतलं, आणि तार त्यांच्याइतकी सफाईने कोणाचीच वाकली नाही.

5 पैकी साडेतीन. मूल 7-8 च्या पुढचं असेल तर डोळे झाकून न्या. पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत या, आणि घरून खोका आणा, रिक्षात आमच्या कोळ्याचे दोन पाय वाकडे झाले.