'पांडू हवालदार'ची डीव्हीडी : पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

दादा कोंडक्यांचे तीन चित्रपट एकाच डिस्कवर कोंबलेली डीव्हीडी कुठे दिसली, तर 'पांडू हवालदार'साठी ती घेऊ नका. चित्र बरं आहे, गाणी पूर्ण आहेत, मेनू कसाही असला तरी चालतो. पण मध्यंतरानंतर आवाज ओठांच्या मागे पडत जातो, आणि दादांच्या चित्रपटात असं झालं की काही उरत नाही.

पाव सेकंदाने काय बिघडतं, असं दुकानदाराने मला विचारलं. मारामारीच्या चित्रपटात नसेल बिघडत. दादांचं वाक्य आधी सरळ अर्थाने कानावर पडतं. मग दादा क्षणभर गप्प. चेहरा कोरा, डोळे मोठे, आपण काय बोलून गेलो याचा जणू पत्ताच नाही. दुसरा अर्थ त्या गप्प बसण्यात आपल्या डोक्यात उगवतो, आणि तो उगवेपर्यंत ते पुढचं वाक्य उच्चारत नाहीत. आवाज मागे राहिला की चेहरा आधी कोरा होतो आणि वाक्य नंतर संपतं. विनोद तिथेच मेला. आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला जाणवायला लागतं, असं प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत धरलेलं आहे. माझ्या डिस्कवर शेवटच्या अर्ध्या तासात फरक त्याच्या दुप्पट तरी असावा.

माझ्याकडे याच चित्रपटाची जुनी, दोन डिस्कची व्हीसीडी होती. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा आमच्या घरात चित्रपट विकत घ्यायची सवय लागली. त्याआधी कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने आणायचो. ही व्हीसीडी त्याच काळातली. मधेच उठून डिस्क बदलावी लागते, अंधारातले प्रसंग चौकोनी ठिपक्यांत विरघळतात. पण ओठ आणि आवाज पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत बरोबर. तिच्यावर ओरखडे पडले म्हणून नवी डीव्हीडी घेतली.

तक्रारीचं सांगतो. दुकानदार म्हणाला, तुमच्या प्लेअरचा दोष. प्लेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं की हे मॉडेल बंद झालंय, बघणारसुद्धा नाही. शेवटी प्लेअर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेला. तिथल्या कारागिराने ती डिस्क त्याच्याकडच्या दुसऱ्या मशीनवर लावली, आणि मध्यंतरानंतरच्या गाण्यापासून आवाज तसाच मागे पडला. त्याने तपासण्याचे पैसे घेतले नाहीत. दुकानदाराने पुष्कळ कुरकुर करून डिस्क बदलून दिली, तर नव्या डिस्कवरही तेच, त्याच जागी. म्हणजे दोष एका डिस्कचा नाही, ती जिच्यावरून काढली त्या मूळ कॉपीचा आहे. वितरकाला ईमेल केली. बिल मागितलं, पाठवलं. डिस्क कुरिअरने पाठवा म्हणाले. कुरिअरचा खर्च डिस्कच्या किमतीहून जास्त! मी पाठवली नाही आणि पाठवणारही नाही. काढण्यापूर्वी एकदा तरी कुणी ती शेवटपर्यंत बघायला हवी होती.

एवढा त्रागा कशासाठी, चित्रपट इंटरनेटवर फुकट मिळतो, असं माझी भाची म्हणते. मिळतो. पण मधे जाहिरात येते, आणि ती यंत्राला वाटेल तिथे येते. दादांच्या वाक्यानंतरच्या शांततेत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात मला नको आहे.

आणि हा चित्रपट घरीच बघण्यात मजा आहे, हे मी ठासून सांगेन. माझे काका गिरणीत होते. दादांचे चित्रपट ते पाळी सुटल्यावर लालबागच्या भारतमाता टॉकीजमध्ये बघायचे. थिएटरात एका वाक्यावर एवढ्या शिट्ट्या आणि हशा व्हायचा की पुढची दोन वाक्यं ऐकूच यायची नाहीत, असं ते सांगायचे. काकू मात्र कधी गेल्या नाहीत. बायकांनी तसल्या चित्रपटाला जायचं नाही, असं घरात ठरलेलं होतं. यंदा गणपतीत जागरणाच्या रात्री मी व्हीसीडी लावली तेव्हा काकू पहिल्यांदा तो पूर्ण बघत होत्या. पारू केळेवालीच्या पहिल्या प्रसंगात सगळ्यांच्या आधी त्या हसल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. मुलंही तिथेच बसली होती. मुलांना सरळ अर्थ कळला, मोठ्यांना दुसरा, आणि कुणाला कुणाकडे बघून अवघडावं लागलं नाही. उघडं काही दाखवलेलं नसतं, उघडं काही बोललेलं नसतं. ज्याला जेवढं कळतं तेवढंच त्याच्या पदरात पडतं. चारचौघांत, घरच्या दिवाणखान्यात बघता येईल असा चावटपणा दादांनी मराठीत करून ठेवला आहे, आणि माझ्या मते ती फार मोठी कामगिरी आहे.

दिवाळीनंतरची भर : डीव्हीडीबद्दलचं वरचं मत थोडं बदलतो. डिस्क कॉम्प्युटरवर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये लावा. कीबोर्डवरचं 'जे' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, 'के' दाबलं की तेवढाच पलीकडे जातो. मध्यंतरानंतरच्या गाण्यापाशी दोनतीनदा 'जे', पुढे शेवटाकडे आणखी दोनतीनदा. जमतं. आणि एकदा जमलं की डीव्हीडी व्हीसीडीच्या कितीतरी पुढे आहे, कारण चित्रातले ठिपकेच चौपट आहेत : व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६.

त्या चौपट ठिपक्यांत मला पारू झालेल्या उषा चव्हाण दिसल्या. इतकी वर्षं मी फक्त दादांकडे बघत होतो, सगळे तसंच बघतात. आता पारूचे प्रसंग मागेपुढे करत बघितले. दादा गप्प बसतात तेव्हा ती त्यांच्याकडे बघत असते. तिला दुसरा अर्थ कळलेला असतो. कळूनही ती लाजून मान खाली घालत नाही, उलट वाक्य परत फेकते. पांडू भोळा आहे, प्रेमात पुढचं पाऊल तीच टाकते. त्याआधीच्या 'सोंगाड्या'तही दादांचा नाम्या असाच भोळा आणि उषा चव्हाणांची कलावती जगाचा अनुभव घेतलेली. पण 'पांडू हवालदार' हा १९७५चा चित्रपट दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला, आणि त्यात त्यांनी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरही थांबवला आहे. चावट बोलणं एकट्या पुरुषाचं असतं तर ते छेडछाड वाटलं असतं. इथे दोघंही तो खेळ खेळतात, दोघांनाही मजा येते, म्हणून ते प्रेमाचं वाटतं. काकूंना जे आवडलं ते हेच असणार. अशोक सराफांचा सखारामही मागे उभा राहून केवढं काम करतो, तेही व्हीसीडीवर नीट दिसत नव्हतं.

एक बारीक गोष्ट, गाण्यांची आवड असलेल्यांसाठी. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ची. म्हणून डिस्कवर सगळं चार टक्के वेगाने पळतं आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. दोन तासांचा चित्रपट पाचएक मिनिटं आधी संपतो. उषा मंगेशकरांचा आवाज त्यामुळे किंचित पातळ लागतो. हे व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्हींवर आहे, त्याची तक्रार नाही.

घ्यायचीच असेल तर दुकानातच डिस्क लावायला सांगा. सुरुवातीचा भाग बघून फसू नका, सुरुवात ठीकच असते. थेट शेवटच्या अर्ध्या तासावर जा आणि दादांच्या ओठांकडे बघा. दुकानदार लावून दाखवत नसेल तर पैसे देऊ नका. एकाच चित्रपटाची, आवाज जुळलेली, स्वच्छ डीव्हीडी कुणी काढली तर मी या डिस्कच्या तिप्पट पैसे देईन, आणि काकूंसाठी आणखी एक घेईन.