भाच्याच्या ‘जामिना’चे २,५७० डॉलर

२,५७० डॉलर गेले. रुपयांत सव्वादोन लाखांच्या वर. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरी तो अजून पूर्ण सांगितलेला नाही. बायकोला ‘हजारेक गेले’ एवढं माहीत आहे, सांगलीत ताईला तेवढंही नाही.

आणि हो, ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये चार लाख घालवून बसलेल्या चुलतभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर व्याख्यान देणारा तो शहाणा मीच. “पोलीस कधी फोनवर पैसे मागतात का रे?” हे वाक्य माझं. ऑफिसात दरवर्षी सायबर सुरक्षेची परीक्षा असते, तिच्यात मला शंभरपैकी शंभर. तेव्हा शिकलेली माणसं कशी फसतात हे मला विचारू नका. समोर उघडलेली सरकारी यादी मला वाचता आली नाही, इतकं साधं आहे ते.

अथर्व, माझा भाचा, टेक्सासमध्ये लबकला एमएस करतो. गेल्या वसुबारसेला, शुक्रवारी १७ ऑक्टोबर २०२५ला, तो एका मित्राला घेऊन आमच्याकडे डॅलसला दिवाळीसाठी निघाला. साडेपाच तासांचा रस्ता, मधे कापसाची शेतं आणि पवनचक्क्या. त्या रस्त्यावरच्या एका छोट्या काउंटीत (आपल्याकडचा जिल्हा समजा) त्याला वेगासाठी थांबवलं. नाव लिहीत नाही. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, कुठलीही समजा. लायसन्स तपासलं तर त्याच काउंटीतलं मार्चमधलं एक जुनं तिकीट निघालं. न भरलेलं. तारखेला हजर राहिला नाही म्हणून वॉरंट. पावणेचारला मित्राचा फोन, “मामा, अथर्वला हातकड्या घालून नेलं.”

आता मी का घाबरलो तेही ऐका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे इथे कायदेशीर राहून शिकण्याचा सरकारी आधार, एका फटक्यात रद्द झाल्या होत्या. कित्येकांच्या नावावर नुसती वाहतुकीची प्रकरणं होती, काहींची तर कोर्टाने केव्हाच काढून टाकलेली. खटले झाले, नोंदी परत चालू झाल्या, पण धास्ती राहिली ती राहिलीच. ‘अरेस्ट’ शब्द ऐकल्यावर मला स्पीडिंग दिसलं नाही. विमानतळावर बॅगा घेऊन उभा असलेला अथर्व दिसला.

गूगलवर काउंटीचं नाव आणि ‘अरेस्ट रेकॉर्ड्स’ टाकलं की वरचे निकाल सगळे खासगी दुकानदारांचे. सरकारी वाटतील अशी नावं, आत गेलं की क्रेडिट कार्ड मागतात. त्यात वीस मिनिटं गेली. मग फोन. डिस्ट्रिक्ट क्लार्क म्हणाल्या, इथे फक्त फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हे. काउंटी क्लार्क म्हणाल्या, आमच्याकडे क्लास ए आणि बी मिसडिमीनर, म्हणजे त्याखालचे गुन्हे, स्पीडिंग म्हणजे सगळ्यात किरकोळ क्लास सी, ते जस्टिस ऑफ द पीस म्हणजे जेपीकडे, खालच्या कोर्टाच्या जजकडे. तिथली बाई म्हणाली, जज पंचनाम्याला गेलेत. लहान काउंटीत मेडिकल एक्झामिनर नसतो, मृत्यूची चौकशीही हेच जेपी करतात. कोणाचं तरी प्रेत आणि माझ्या भाच्याचं तिकीट एकाच माणसाच्या टेबलावर. पाचला सगळी कार्यालयं बंद.

शेवटी शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, साइटवर कैद्यांची यादी सापडली. जेल रोस्टर म्हणतात तिला. टेक्सासमध्ये ही माहिती कायद्यानेच खुली आहे: अटक झालेल्याचं नाव, वय, पत्ता, आरोप. अथर्व मात्र सापडेना. पासपोर्टवरचं वडिलांचं नाव इथे आडनावाला चिकटवलेलं होतं, हे कळायला अर्धा तास गेला. सहाला सापडला. बुकिंग नंबर. उंची पाच फूट सात. पत्ता माझा, कारण लायसन्सवर माझाच पत्ता आहे. आरोप दोन, स्पीडिंग आणि फेल्युअर टू अपिअर, म्हणजे तारखेला गैरहजर. बाँडच्या रकान्यात ०.००. वय ३२.

अथर्व तेवीसचा आहे. आकडे उलटे पडले असतील म्हटलं, आणि पुढे गेलो.

०.०० चा अर्थ मी ‘जामीनच नाही’ असा लावला. दोनदा एक अनोळखी नंबर वाजला, यंत्राचा आवाज, प्रीपेड कॉल वगैरे. स्पॅम समजून दोन्ही वेळा कापला. तो अथर्व होता. तुरुंगातून येणारा फोन असाच येतो, आधी यंत्र बोलतं. खरा फोन मी कापला आणि सहा वाजून वीस मिनिटांनी आलेला खोटा उचलला, कारण त्यावर त्या भागाचा एरिया कोड होता आणि पलीकडे खणखणीत टेक्सन आवाजाचा ‘सार्जंट’ होता.

त्याने बुकिंग नंबर सांगितला. दोन्ही आरोप सांगितले. “बत्तीस वर्षांचा पुरुष, पाच फूट सात.” मग विचारलं, “तुमच्यासमोर आमचं पान उघडं आहे का? बाँडमध्ये शून्य दिसतंय ना? म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही.”

इथे. बरोबर इथे मला कळायला हवं होतं. ज्या माणसाच्या ताब्यात अथर्व आहे, ज्याने त्याचं लायसन्स हातात धरलंय, तो त्याला बत्तीसचा कसा म्हणेल? मी जे पान वाचत होतो तेच तो वाचत होता, चुकीसकट. त्याच्या तोंडून पानाबाहेरचा एक शब्द निघाला नव्हता. उलट मीच म्हणालो, “सर, तो तेवीसचा आहे.” आणि तो म्हणाला, “करेक्ट, सर, मी दुरुस्त करून घेतो.” मी त्याचे आभार मानले. आजही रात्री जाग येते ती या आभारांनी.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पायाला ट्रॅकर बांधून आजच सोडू, यंत्राचे ९८० डॉलर. फोनमधल्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून, कारण ‘कॅशियर पाचला जातो’. सहा चाळीसला पाठवले. मग परत मिळणारी अनामत, १,२५०. सातला पाठवले. मग त्याने आवाज खाली आणला. “मुलगा स्टुडंट व्हिसावर आहे ना? इमिग्रेशनला नोंद आपोआप जाते. थांबवायची असेल तर ३४० प्रोसेसिंग.” व्हिसाचं यादीत काहीच नव्हतं. ते मीच त्याला रडकुंडीला येऊन सांगितलं होतं. ३४० हा आकडा इतका किरकोळ आणि सरकारी वाटला की मी विचारही केला नाही. आणि खरं सांगायचं तर तो उघड लाचेचा सौदा होता, हे कळूनही दिले.

चौथ्यांदा १,५०० मागितले तेव्हा आत बायकोचा फोन वाजला. तिने यंत्राचं सगळं ऐकून घेतलं, एक दाबलं. “मामी, मी ठीक आहे. सँडविच दिलं. सकाळी जजसमोर नेणार आहेत.” मी हातातल्या फोनवर काही बोलायच्या आत ‘सार्जंट’ने ठेवला होता.

शनिवारी सकाळी जजने व्हिडिओवर दहा मिनिटांत पर्सनल बाँडवर, म्हणजे नुसत्या लेखी हमीवर, सोडलं. भरलेली रक्कम शून्य. टेक्सासात अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, वीकएंड असला तरी. ‘सोमवारपर्यंत’ ही थाप होती, आणि ०.०० म्हणजे बाँड अजून ठरलेला नाही एवढंच. हे मला जेलच्या खिडकीवरच्या बाईने समजावलं, मी विचारल्यावर. यादीवर कुठेही लिहिलेलं नाही.

आता या लोकांबद्दल. शेरिफच्या कार्यालयाला सांगितलं तर म्हणाले, “आम्ही असा फोन कधीच करत नाही.” अहो, ते कळलं आता! तक्रार कुठे देऊ? तुमच्या गावी. माझ्या गावचे पोलीस म्हणाले, तोतया त्या काउंटीचा, तिकडे द्या. पुन्हा तिकडे फोन, तर डेप्युटी सुट्टीवर, मंगळवारी करा. मंगळवारी केला तर वेगळाच माणूस, पहिल्यापासून सांगा. आणि हा माणूस वर म्हणतो, “आम्ही ऑगस्टमध्येच फेसबुकवर इशारा टाकला होता.” यादी वेबसाइटवर, इशारा फेसबुकवर! ज्या पानावरून चोर माहिती उचलतात त्याच पानावर दोन ओळी लाल अक्षरांत टाकायला काय पडतं? विचारलं. “वेबसाइट बाहेरची कंपनी बघते.”

बँकेने अकरा दिवसांनी पत्र पाठवलं: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलेत. तुमच्या नकळत पैसे गेले तर संरक्षण आहे, तुम्ही मूर्खासारखे पाठवलेत तर नाही. शब्द त्यांचे सभ्य होते, अर्थ हाच. अ‍ॅपवाल्यांनी तर बँकेशी बोला एवढंच कळवलं. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रावर आणि फेडरल ट्रेड कमिशनच्या पोर्टलवर प्रत्येकी चाळीस मिनिटं बसून फॉर्म भरले. दोन क्रमांक मिळाले. अजून दोन क्रमांकच आहेत.

तरीही तक्रार त्याच रात्री करा. बँकेला पहिला फोन, मग बाकीचं रडगाणं. मी रात्रभर लाजेत बसून सकाळी केला.

कोणी आत गेलं तर आलेला फोन ठेवून काउंटीच्या साइटवरचा जेलचा नंबर स्वतः फिरवा. तो चोवीस तास चालू असतो, मला सुचलाच नाही. यंत्राचा आवाज कापू नका. फोनवरच्या माणसाला काहीतरी असं विचारा जे पानावर नाही: अंगात शर्ट कुठल्या रंगाचा आहे? आईचं नाव काय सांगितलं? बाँड भरायचा तो खिडकीवर, काउंटीने नेमलेल्या ठिकाणी किंवा लायसन्सवाल्या बाँड्समनकडे, म्हणजे फी घेऊन जामीन राहणाऱ्याकडे. आणि यादीत नाव म्हणजे अटक, गुन्हा सिद्ध नव्हे. निकाल काय लागला हे कोर्टाच्या क्लार्ककडेच कळतं, यादी तो कधी सांगत नाही. क्लास सी असेल तर थेट जेपी. मी केलं तसं तीन खिडक्या फिरू नका.

अथर्वने दोन्ही तिकिटांचे मिळून २८६ डॉलर नंतर भरले. गाडी ओढून नेल्याचे वेगळे.

नोव्हेंबरात आणखी एक ईमेल आली. कुठल्याशा साइटने अथर्वचा जेलमधला फोटो लावलाय, ३९९ डॉलर दिले की काढतील. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलने असल्याच एका साइटच्या चौघांवर खंडणीचे आरोप ठेवले होते, पण धंदा काही बंद झालेला नाही. या वेळी दमडी दिली नाही. पान उघडून पाहिलं तेवढं. डोळे सुजलेला अथर्व, मागे उंचीच्या रेघा, आणि खाली वय ३२.