जुन्या स्पोर्ट्स कारचं पोट गंजतंय: काळं कोटिंग, वॅक्स की इपॉक्सी?

मे संपत आला की नाशिकच्या वॉशिंग सेंटरवर लिफ्टला चढलेल्या प्रत्येक गाडीमागे प्रश्न ठरलेला: "साहेब, खालून कोटिंग मारून देऊ का?" नव्या हॅचबॅकला हो म्हटलं तर फारसं बिघडत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या टू-सीटरला मात्र लगेच हो म्हणू नका. त्या काळ्या थराखाली काय झाकलं जाणार आहे, ते आधी बघा.

नाशिकला समुद्राची खारी हवा नाही आणि थंड देशांसारखं रस्त्यावर मीठही टाकत नाहीत, त्यामुळे इथली गाडी सावकाश सडते. धोका दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे गाडी मुंबईहून विकत आणलेली असणं. ती खारटपणा जोड्यांमध्ये घेऊनच घाट चढलेली असते. दुसरी आपली काळी माती. गंगापूर धरणाकडे किंवा मळ्यातल्या रस्त्यावर पावसाळ्यात गाडी फिरली की हा चिकण चिखल फेंडर लायनरच्या (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) मागे जाऊन बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात लायनर काढून बघा. बाहेरून खडखडीत वाळलेला ढेकूळ हाताने फोडला की आत अजून ओल असते. तो ढेकूळ चार महिने पत्र्याला ओलं फडकं गुंडाळल्यासारखा चिकटून असतो.

शिवाय स्पोर्ट्स कार बाहेरून कमी आणि आतून जास्त सडते. दाराखालची सिल आणि पुढचे चासी रेल या बंद पेट्या आहेत, तिथे शिरलेलं पाणी वाळत नाही. माझ्दा एमएक्स-५ याबाबतीत जगभर बदनाम आहे. छताचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. पानं-धूळ अडकून नळी तुंबली की तेच पाणी मागच्या सिलमध्ये उतरतं. तिच्या दुसऱ्या पिढीत (१९९८ ते २००५) पुढचे रेल दुहेरी पत्र्याचे आहेत आणि ते मधूनच कुजतात. सॅन स्टॉर्म या देशी टू-सीटरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. बॉडी फायबरची असली तरी खालचं पोलाद गंजतंच. गव्हावरचा तांबेरा निदान पानावर दिसतो, हा गंज तेवढाही दिसत नाही.

म्हणून आधी तपासणी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल, जॅकिंग पॉइंट आणि सस्पेन्शनच्या माउंटिंगभोवती ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. लोहचुंबक धरत नसेल तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ड्रेन होलमधून (पाणी निघून जायचं भोक) जाड वायर घालून फिरवा: कोरडी धूळ आली तर ठीक, तपकिरी चिखल आणि खपल्या आल्या तर पेटी आतून सडते आहे. मोबाइलला जोडायचा एन्डोस्कोप कॅमेरा मिळतो, तो घेऊनच टाका. भोक सापडलं तर कुठलंही कोटिंग उपयोगाचं नाही. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच उपाय, आणि तो वॅक्सच्या आधी. वॅक्स भरलेल्या सिलवर वेल्डिंग केलं तर आतून पेट घेते.

आता पर्यायांकडे.

काळं रबरी किंवा डांबरी कोटिंग सगळ्यात सहज मिळतं आणि दोन तासांत होतं. छोट्या गाडीला ४ ते ५ लिटर लागतं. खडी उडाली तर मार झेलतं, आवाजही थोडा कमी होतो. पण ते स्वच्छ, कोरड्या, गंज नसलेल्या पत्र्यासाठी आहे. जुन्या गाडीला तसा पत्रा क्वचितच असतो. थर कालांतराने कडक होतो, कडेला उचलला जातो, त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर येत नाही. वरून सगळं काळंभोर, तुकतुकीत. खाली पत्रा पापडासारखा. घाईच्या कामात ड्रेन होल बुजतात, बुश आणि ब्रेक होजवरही फवारा बसतो. ब्रेकचे पोलादी पाइप या थराखाली गेले की त्यांना खड्डे पडलेत का हे मेकॅनिकला दिसतच नाही. एवढ्या एका कारणासाठीही आम्ही जुन्या गाडीला हे सुचवत नाही. आधीच मारलेलं असेल तर सुटलेल्या कडा स्क्रॅपरने काढा. घट्ट बसलेलं उगाच खरवडू नका.

वॅक्स किंवा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) मऊच राहतं, आणि तोच त्याचा फायदा. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं वॅक्स थोडं सरकून जागा झाकतं. पातळ असल्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरतं. पारदर्शक प्रकार घेतला तर पुढच्या वर्षी खाली काय चाललंय ते दिसतं. हलक्या गंजावरही चालतं, फक्त सुटी खपली घासून काढावी लागते. तोटेही आहेत: धूळ चिकटते, प्रेशर वॉशने उडतं, एप्रिल-मेच्या उन्हात पार्किंगच्या फरशीवर थेंब पडतात. दरवर्षी थोडं भरावं लागतं. पहिल्या वेळी पोटासाठी साधारण ३ लिटर आणि पेट्यांच्या आतल्या भागासाठी २ ते २.५ लिटर धरा.

इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) पेंट हे सगळ्यात टिकाऊ काम, आणि सगळ्यात मोठंही. सस्पेन्शन, टाकी, सायलेन्सर उतरवून पत्रा उघडा करावा लागतो. ग्राइंडरच्या वायर ब्रशने गंज निघाल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात तो चकाकतो आणि खड्ड्यांत तसाच राहतो. स्ट्रिप डिस्क किंवा ८० नंबरचा पेपर वापरा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर मात्र (१९७६ मॉडेलपासूनची पोर्शे ९११ तशी आहे) हात हलका ठेवा, नाहीतर गंजाबरोबर जस्तही निघून जाईल. इपॉक्सीचे दोन हात, जोडांवर सीम सीलर, चाकांच्या कमानीत स्टोनचिप (खडीचा मार झेलणारा थर), शेवटी टू-के. रस्ट कन्व्हर्टरची (गंज थोपवायला त्यावर लावतात ते रसायन) आम्लयुक्त ओल इपॉक्सीखाली राहिली तर पेंट पापुद्र्यासारखा सुटतो. पेंटरशी वाद होतात ते बहुतेक याच जागी. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क चालत नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्कच लागतो. तो नसेल तर हे काम घरच्या पार्किंगमध्ये करू नका. आणि एवढं सगळं करूनही सिलचा आतला भाग उघडाच राहतो. म्हणजे आतून वॅक्स भरावंच लागतं.

चौथा प्रकार जळक्या ऑइलमध्ये डिझेल मिसळून फवारण्याचा. स्वस्त आहे, पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि काजळी असते, ते कातडीला घातक, आणि बुशचं रबर फुगतं. विषय संपला.

मग कोणी काय घ्यावं? पत्रा शाबूत आणि गाडी चालती असेल, तर आत-बाहेर वॅक्स. जुन्या गाड्यांपैकी बहुतेक याच गटातल्या. सस्पेन्शन कुठल्याही कारणाने उतरवणारच असाल, किंवा वेल्डिंग निघालंच असेल, तर त्याच फेरीत इपॉक्सी करून घ्या; एरवी फक्त त्यासाठी गाडी खोलू नका. इपॉक्सी झाल्यावर कमानीत खडीच्या माऱ्यासाठी रबरी थर हवा असेल तर खुशाल मारा, तिथे तो योग्य जागी आहे. दोन-तीन वर्षांत गाडी विकायची असेल तरी वॅक्सच. जाणता गिऱ्हाईक ताजं काळं पोट बघून आधी बिचकतो.

वेळही पर्यायाप्रमाणे बदलते. वॅक्सला एप्रिल-मे उत्तम. पत्रा तापलेला असतो, वॅक्स जोडांत झिरपतं आणि पावसाआधी बसतं. इपॉक्सीला फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते खरी, पण निफाडकडे पारा एक आकडी होतो, आणि १० अंशांखाली बहुतेक इपॉक्सी नीट सुकत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही नको. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असावी लागते. संततधारेत हे जमत नाही.

वॅक्स घरी करायचं असेल तर गाडी चार स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. लायनर काढून चिखल धुवा, सिलमध्ये ड्रेन होलमधून पाणी सोडा, ते स्वच्छ येईपर्यंत. नंतर उन्हात किमान तीन दिवस वाळू द्या. घाई इथेच नडते, ओलीवर वॅक्स बसलं की ओल आत कोंडते. डिस्क, कॅलिपर, सायलेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर प्लॅस्टिक गुंडाळून झाका. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, गॅसवर कधीच नाही. साधारण मीटरभर लांबीची, चहूबाजूंनी फवारणारी नळी पेटीच्या टोकापर्यंत घाला, कॉम्प्रेसर ५-६ बारवर ठेवा आणि ट्रिगर दाबून नळी हळूहळू मागे ओढा. खालच्या भोकातून वॅक्स ठिबकायला लागलं की पेटी भरली समजा. दुसऱ्या दिवशी सगळी ड्रेन होल ५ मिलिमीटरच्या वायरने मोकळी करा. पहिले काही दिवस सायलेन्सरजवळ वास आणि किंचित धूर येतो, तो उडालेल्या थेंबांचा. आठवड्यानंतरही धूर येत असेल तर गाडी पुन्हा उचलून बघा, कुठेतरी हीट शील्डवर वॅक्स साचलेलं असतं.