ऑलिम्पस टीजी-६ : निफाडच्या थंडीत, पाटाच्या कडेने

आधीच सांगून टाकतो, सूर्योदय, धुक्यातलं बाभळीचं झाड, गोदावरीवरची वाफ असले फोटो काढायला हा कॅमेरा घेत असाल तर घेऊ नका. बरा मोबाइल त्याहून चांगलं काम करतो. सेन्सर १/२.३३ इंची, करंगळीच्या नखापेक्षा लहान, १२ मेगापिक्सेल, आणि सव्वासातला सूर्य वर यायच्या आधी अंधुक उजेडात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा ठेवायचा ते माप) ८०० च्या वर गेलं की फोटोत नुसती खरखर. पक्ष्यांसाठी पण नाही. नांदूर मध्यमेश्वर आमच्या जवळच, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं ते, तिथे हा घेऊन गेलात तर झूम २५ ते १०० मिमीच्या मापाचा, म्हणजे जेमतेम चौपट, त्यामुळे फ्लेमिंगो म्हणजे पांढरे ठिपके येतील बस.

मग घ्यायचा कशाला? तर गुडघ्याच्या खाली जे जग आहे त्याच्यासाठी. आणि ते जग थंडीतच नीट दिसतं.

आमच्याकडे पारा उतरला की राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून पेपरात निफाडचंच नाव येतं, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्याच वेळी पाटाच्या कडेच्या गवतावर चतुर, टाचण्या (चतुराचेच बारीक भाऊबंद), नाकतोडे दवाने माखून गप बसलेले असतात. किड्यांना आपल्यासारखं अंग आतून गरम ठेवता येत नाही ना, ऊन अंगावर येईपर्यंत पंख हलवायचं बळच नसतं त्यांच्यात. उन्हाळ्यात चतुराच्या हातभर जवळ गेलात तरी तो भुर्र, जानेवारीत पावणेसातला लेन्स त्याच्या डोळ्याला टेकायची बाकी ठेवली तरी ढिम्म हलत नाही. वर वारा पण पडलेला असतो. मॅक्रोवाल्याला, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्याला, अजून काय पाहिजे.

टीजी-६ ची खरी कमाल इथेच आहे. यात मायक्रोस्कोप मोड आहे, लेन्सपासून १ सेंमीवर फोकस होतो, आणि तो झूम पूर्ण ताणूनही होतो, एवढ्या लहान कॅमेऱ्यात हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. सोबत फोकस स्टॅकिंग, म्हणजे डोळ्यावर एक, सोंडेवर एक, पंखावर एक असे वेगवेगळ्या फोकसचे ३ ते १० फोटो तो पटापट काढतो आणि आतच जोडून एक करून देतो. कडेचा थोडा भाग कापला जातो, तेवढी जागा सोडून फ्रेम करायची. वाऱ्यात हे जमत नाही, सगळं दुहेरी येतं, पण थंडीच्या पहाटे हातात धरून सुद्धा जमून जातं, फक्त श्वास रोखायचा.

गव्हाच्या पात्याच्या टोकाला सकाळी तो एकच टपोरा थेंब असतो बघा, त्याला सगळे दव म्हणतात, पण बरेचदा ते झाडाचंच पाणी असतं, रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि पात्यातून वाफ होऊन जात नाही मग ते टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर येतं. त्या थेंबात मायक्रोस्कोप मोडने बघा, मागचं आख्खं शेत उलटं दिसतं, आभाळ खाली, बांधावरची बाभूळ डोक्यावर उभी. स्टॅकिंगमध्ये थेंबाची कड पण धारदार येते आणि आतलं शेत पण. हा एक फोटो जमला की पैसे वसूल वाटतात.

हरभऱ्याच्या शेतात शिरलात तर वेगळीच मजा. त्या पानांवरचं पाणी आंबट असतं, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात, जुनी माणसं रात्री रोपांवर धडपं पसरून सकाळी पिळून आंब काढायची पोटदुखीवर. आता हे आम्ल साध्या कॅमेऱ्याला लागलं तर आपला जीव वरखाली. हा मी घरी आल्यावर सरळ नळाखाली धरतो आणि टॉवेलने पुसतो. १५ मीटर पाण्यात चालतो म्हणे, मला विहिरीत टाकून बघायचं नाहीये, पण चिखल, दव, आंब, शेकोटीची राख यांचं टेन्शन संपलं हे खरं. उणे १० डिग्रीपर्यंत चालतो असं पण कंपनी म्हणते, ते लडाखवाल्यांनी बघावं, आमचं निफाड कितीही गारठलं तरी तिथवर जात नाही. लेन्सच्या पुढच्या काचेला दुहेरी काच आहे धुकं धरू नये म्हणून, आणि त्याचा उपयोग होतो, कारण इतक्या जवळ तोंड नेलं की आपल्याच श्वासाची वाफ जाते पुढे. मागची स्क्रीन मात्र शर्टाने पुसतच राहावी लागते.

टचस्क्रीन नाहीये. आधी मला हे मागासलेलं वाटलं, मग लक्षात आलं की बोटं ओली असली की मोबाइल ऐकतच नाही, याची बटणं हातमोजे घालून पण दाबता येतात.

सगळ्यात वैतागवाणी गोष्ट म्हणजे स्क्रीन फिक्स आहे, वळत नाही. म्हणजे जमिनीलगतचा फोटो काढायचा तर पालथं पडायचं ओल्या गवतात. मी असाच पडलेलो असताना शेजारचे तात्या मोटर चालू करायला आले, पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काय हरवलं का रे भाऊ?" टाचणी म्हणालो, तर ते पण खाली वाकून शोधायला लागले, किती समजावून सांगणार. जुनं खताचं पोतं घडी घालून सोबत न्या, एवढाच उपाय.

दुसरं म्हणजे १ सेंमीवर कॅमेऱ्याचीच सावली पडते. त्यासाठी एलजी-१ नावाची रिंग मिळते, कॅमेऱ्याच्याच एलईडीचा उजेड लेन्सभोवती गोल पसरवून देते, आणि फ्लॅशचा उजेड पसरवणारा एफडी-१ वेगळा. दोन्ही वेगळे पैसे देऊन. एकच घ्यायचा असेल तर एफडी-१ घ्या, एलईडीचा उजेड पहाटे कमीच पडतो. बॅटरी कागदावर ३४० फोटोंची, थंडीत आणि स्टॅकिंगमध्ये तेवढी विसरा, एक जादा बॅटरी पँटच्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. वरचा लॉगचा (कुठे कुठे फिरलो त्याची नोंद ठेवायचा) खटका चुकून सरकलेला नाही ना बघत जा, जीपीएस चालू राहिलं की बॅटरी गुपचूप खातं. तापमान पण दाखवतो हा, पण हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं तापमान ते, त्यावरून निफाडचा रेकॉर्ड जाहीर करू नका.

टीजी-६ २०१९ चा, २०२३ मध्ये टीजी-७ आला, सेन्सर तोच १२ मेगापिक्सेलवाला, मुख्य फायदा यूएसबी-सी चार्जिंगचा. तेवढ्यासाठी जास्त पैसे घालावेत असं मला वाटत नाही. जुना घेत असाल तर बॅटरीचं आणि चार्जिंगचं अशी दोन्ही झाकणं उघडून रबरी सील नखाने चाचपून बघा, चीर किंवा वाळूचा कण असेल तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या, कारण सील गेलं तर वॉटरप्रूफ हा शब्द नुसता डब्यावर राहतो. आणि विकणाऱ्याला समोरच मायक्रोस्कोप मोडमध्ये दहाच्या नोटेचा फोटो काढायला लावा, फोटोच्या चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत.